जे तपासले, तेच पोहोचावे

१ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील शेअर बाजार उघडला आणि अवघ्या ४५ मिनिटांत ‘नाइट कॅपिटल’ या दलाली कंपनीच्या संगणकांनी नको ते लाखो सौदे करून टाकले. तोटा ४६ कोटी डॉलरहून अधिक झाला. अमेरिकी रोखे आयोगाच्या चौकशीत निष्पन्न झालेले कारण साधेच होते. नवी आज्ञावली आठ सर्व्हरवर बसवायची होती. त्यांपैकी एक राहून गेला आणि त्यावरील अनेक वर्षे वापरात नसलेला जुना भाग जागा झाला. काम पूर्ण झाले की नाही, याची दुसऱ्या कोणी पडताळणीही केली नव्हती.

असे हस्तदोष टाळण्यासाठी ‘पपेट’, ‘शेफ’, ‘अ‍ॅन्सिबल’ ही साधने वापरली जातात. सर्व्हरवर कोणते सॉफ्टवेअर असावे, कोणती सेवा सुरू असावी, हे फायलींमध्ये लिहून ठेवले की साधन ते शेकडो यंत्रांवर सारखेच अमलात आणते. अर्थात, या फायली आधी चाचणीच्या सर्व्हरवर तपासल्या जातात.

खरी मेख त्यानंतर आहे. चाचणीचा डेटाबेस वेगळा, ग्राहकांचा वेगळा. त्यामुळे फाइल पुढे नेताना कोणीतरी ती उघडून पत्ता किंवा पासवर्ड बदलतो. त्या क्षणी तपासलेली फाइल आणि प्रत्यक्ष चालणारी फाइल एक राहत नाही. एखादे अवतरणचिन्ह गळाले तरी चाचणी व्यर्थ ठरते.

यावरील उपाय म्हणजे कृती आणि माहिती यांची फारकत. कृतीची फाइल सर्वत्र एकच ठेवायची; ठिकाणानुसार बदलणारी मूल्ये वेगळ्या फायलींत ठेवायची. पपेटमध्ये हे काम ‘हायरा’ करते, अ‍ॅन्सिबलमध्ये ‘इन्व्हेंटरी’. सर्व्हर कोणत्या गटातला आहे हे पाहून साधन योग्य मूल्य स्वतःच उचलते.

फाइल खरोखर तीच आहे, याची खूणगाठ ‘गिट’ बांधून देते. प्रत्येक आवृत्तीला तिच्या मजकुरावरून एक ओळखक्रमांक मिळतो. एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. चाचणीत उत्तीर्ण झालेला क्रमांकच पुढे पाठवायचा. दुरुस्ती हवी असेल, तर ती पुन्हा चाचणीच्या दारातूनच आली पाहिजे.

मूल्यांच्या फायलीत मात्र चूक राहू शकते. म्हणून तेथे दुसऱ्या माणसाची नजर हवीच. यंत्र सांगितलेले काम बिनचूक करते; काय सांगितले, याची जबाबदारी माणसाचीच असते.