शतकोटींचा हिशेब

परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड हे जनाबाईंचं गाव. गोदाकाठची ही पोर पंढरपुरात नामदेवांच्या घरी वाढली, आणि त्या घरानं शतकोटी अभंगांचा पण केला, असं परंपरा सांगते. शतकोटी म्हणजे 100 कोटी. नामदेवांची 80 वर्षं (1270 ते 1350) अगदी पाळण्यापासून धरली, तरी रोजचे 34,000 च्या वर अभंग होतात. घरातली चौदा आणि जनी पंधरावी अशी वाटणी केली, तर डोळ्याला डोळा न लावता प्रत्येकाचा दर 38 सेकंदांना एक. मग दळणकांडण कोणी करायचं?

आज गाथेत नामदेवांच्या नावावर दोन-अडीच हजार अभंग आहेत, जनाबाईंच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास. तेही सगळे त्यांचेच का? ओळखायची खूण एकच, शेवटच्या चरणातली नाममुद्रा. ‘नामा म्हणे’ म्हणणारे पुढच्या शतकांतही होतेच. सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नाम्याचे अभंग निराळे काढताना अभ्यासकांच्या नाकी नऊ आले. आवडत्या संताच्या तोंडी आपले शब्द घालायचे आणि आपण बाजूला व्हायचं, ही इथली जुनी रीत.

तीच हौस आज इंटरनेटवरही दिसते: चाहत्यांनी आवडत्या पात्रांवर रचलेल्या कथांचा ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हा संग्रह 2009 पासून खुला आहे. त्यात एक कोटीहून जास्त लिखाणं आहेत. तिथली अडचण नेमकी उलटी. एकाच पात्राचं नाव लोक दहा तऱ्हांनी लिहितात, आणि ‘टॅग रँगलर’ म्हणवणारे स्वयंसेवक ती सगळी हातानं जुळवत बसतात.

मला मात्र खरं नवल वाटतं जात्यावरच्या ओव्यांचं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून लाखावर ओव्या जमवल्या. गाणाऱ्या बाया तीन हजारांहून अधिक. अर्ध्या मिनिटाला एक म्हटली, तरी न थांबता 34-35 दिवस लागतील. इथे नाममुद्रेचा आधार नाही, म्हणून मांडणी विषयवार: विभाग, पोटविभाग, त्याच्याही पोटात आणखी. सीतेच्या वनवासाला स्वतंत्र जागा. या ओव्यांतली सीता राजवाड्यातली वाटतच नाही. सासुरवास सोसणारी गावातलीच कुणी वाटते, आणि कैकेयी तिची खाष्ट सासू. जनीही येते, विठ्ठलाला दळायला बसवून.

ओवी मुळात कोणी रचली, ते कोणालाच ठाऊक नसतं. कोणी म्हटली आणि कोणत्या गावात, हे मात्र संग्रहात नोंदलेलं आहे.