चहाच्या मळ्यातलं नत्र जातं कुठे?

जपानच्या शिझुओका प्रांतात माकिनोहारा नावाचं पठार आहे. 1869 नंतर चाकरी गेलेल्या सामुराईंनी ते फोडून तिथे चहा लावला. आज नजर पोहोचेल तिथवर कातरलेल्या झुडपांच्या रांगा दिसतात. पाण्याला धोका कारखान्यांचा, असल्या हिरवाईचा कसला, असं कुणालाही वाटेल. पण विसाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या काही मळ्यांत वर्षाला हेक्टरी 1000 किलोहून जास्त नत्र पडत होतं. आपल्या हिशेबात एकरी युरियाच्या एकोणीस-वीस गोण्या!

यामागे एक पक्की समजूत होती: जितकं खत जास्त, तितकी चव चांगली. तिच्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. ग्रीन टीला गोडसर, भरीव चव देणारं थिअनिन हे अमिनो आम्ल चहाच्या मुळांत तयार होतं आणि त्याला नत्र लागतं. चांगल्या चवीच्या पानाला भावही चांगला मिळतो. मात्र झुडपाच्या भुकेला मर्यादा आहे. शिवाय रांगा एकमेकींना जवळजवळ भिडलेल्या. खत टाकायला मधली अरुंद सरी तेवढी मोकळी. हेक्टरभराचं खत त्या चिंचोळ्या पट्टीत पडलं की मुळं करपतात, आणि करपलेलं मूळ काहीच उचलत नाही. पुढे प्रांताने शिफारस हेक्टरी 540 किलोवर आणली. खत असं कमी करूनही उत्पादन आणि दर्जा टिकतो, हे चाचण्यांत दिसलं. म्हणजे उरलेल्या गोण्या पानासाठी नव्हत्याच. शेतकऱ्याने पैसे मोजून त्या पावसाच्या हवाली केल्या होत्या.

‘पाणी नितळ आहे, म्हणजे चांगलं आहे’ हा गैरसमज मला सगळ्यांत घातक वाटतो. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. मातीतले जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं. माती फार आम्ल झाली की तिच्यातलं ॲल्युमिनियम विरघळून झिरपत तळ्यात उतरतं. चहाचं झुडूप आम्ल माती आणि ॲल्युमिनियम सोसतं, मासे सोसत नाहीत. माकिनोहाराच्या परिसरातल्या काही तळ्यांत हेच घडलं. आपण गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो ती ॲल्युमिनियमचाच क्षार. गाळ खाली बसवण्याचं काम आम्ल तळ्यातलं ॲल्युमिनियमही करतं. त्यामुळे तळं जितकं निर्जीव, तितकं ते स्वच्छ दिसू शकतं.

विहिरीचं पाणी उकळून प्यायलं की झालं, हेही खरं नाही. उकळल्याने जंतू मरतात; नायट्रेट तसंच राहतं आणि पाणी आटल्यामुळे उलट थोडं दाट होतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको. वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना त्याचा धोका सर्वाधिक, कारण त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते.

सेंद्रिय खताने प्रदूषण होत नाही, असं आपल्याकडेही ठामपणे सांगितलं जातं. जपानी मळ्यांत मोहरीवर्गीय बियांची पेंड आणि मासळीचं खत वापरतात. त्यातलं नत्र सावकाश सुटतं, एवढाच फरक. प्रमाणाबाहेर टाकलं तर तेही नायट्रेट होऊनच वाहतं.

उपाय साधे आहेत: खत एकदम न देता थोडं थोडं देणं, मोठ्या पावसाच्या तोंडावर न टाकणं, ठिबकमधून झुडपाखालच्या मुळांपर्यंत पोहोचवणं, छाटणीचा पाला सरीत पडतो त्यातलं नत्र हिशेबात धरणं. आवरण दिलेलं सावकाश विरघळणारं खतही उपयोगी पडतं. पण ते आवरण प्लॅस्टिकचं असेल तर त्याचे कण मागे राहतात, म्हणून मी त्याची शिफारस हात राखूनच करीन. पठाराखालची भातखाचरंही मोलाची आहेत. साचलेल्या पाण्याखालच्या चिखलातले जिवाणू नायट्रेटचा नत्रवायू करून हवेत सोडतात. अशी खाचरं बुजवली तर वरून आलेलं नायट्रेट अडवणारं कुणी उरत नाही.

आणि खत कमी केलं की विहीर लगेच सुधारेल, अशी अपेक्षा धरू नये. भूजल संथ चालतं. आज झऱ्याला येणाऱ्या पाण्यात कित्येक वर्षांपूर्वी सरीत टाकलेल्या खताचा अंश असू शकतो.