हिमप्रदेशात सहकुटुंब आठ दिवस

मार्गशीर्ष-पौषात सारे जग गोव्याकडे धाव घेते. हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवण्यास जागा उरत नाही, आणि डिचोलीच्या बाजारातदेखील परप्रांतीय मोटारींमुळे हातगाडी हलत नाही. अशा वेळी आपल्यापैकी काही व्यापारी कुटुंबे मुलांच्या नाताळच्या सुट्टीत नेमकी उलट दिशा धरून उत्तरेकडे बर्फ पाहावयास निघू लागली आहेत. जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यातच, मोप येथून, विमाने उडू लागली आणि दिल्लीचा पल्ला अगदीच जवळ आला. आम्ही मात्र मडगावहून थेट चंदीगडला जाणारी गोवा संपर्क क्रांती गाडी पसंत केली. बरोबर शिध्याचे दोन डबे व शेगडी असल्यावर आगगाडीइतकी सोयीची दुसरी सवारी नाही.

बर्फाच्या प्रदेशात जावयाचे म्हणजे पायाला लांब पट्ट्या बांधून उतारावरून घसरावयाचे, ज्यास स्कीइंग म्हणतात ते करावयाचे, असा समज तरुण मंडळींत रूढ झाला आहे. आमचे चिरंजीवही गुलमर्ग, औली, सोलंग अशी नावे घेऊन बसले होते. खेळ उत्तम आहे यात शंका नाही. परंतु तो दोन दिवसांत येत नाही, आणि तिसऱ्या दिवशी गुडघा बांधून पेढीवर बसण्याची पाळी येते. शिवाय कुटुंबात आठ वर्षांच्या नातवापासून साठी उलटलेल्या आजीपर्यंत सर्व वयांची माणसे असता एकाने घसरावे व बाकीच्यांनी कुडकुडत पाहावे, ही सहल नव्हे. तेव्हा स्कीइंग वगळावयाचे, हे सहज ठरले.

खरी अडचण निराळीच निघाली. ती आमच्या सौ.नी काढली. "बर्फ हा अप्काय. बावीस अभक्ष्यांत हिम आणि गारा दोन्ही आहेत. खायचा नाही हे ठीक, पण त्यावर नाचायला आपण इतक्या लांब मुद्दाम जायचं का?" असा त्यांचा प्रश्न होता. तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. शांतिसूरींच्या जीवविचार प्रकरणात अप्कायाचे भेद सांगितले आहेत. त्यांत दव, हिम आणि गारा यांची गणना आहे. प्रयोजनावाचून घडणारी हिंसा टाळावी, म्हणून तर श्रावकास अनर्थदंड विरमण व्रत सांगितले. सुट्टीची मौज हे प्रयोजन होते की नाही, याचा निवाडा करण्याचा अधिकार आमच्यासारख्या मॅट्रिक झालेल्या दाणेवाल्याचा नव्हे. दुसऱ्या बाजूने पाहावे, तर प्रथम तीर्थंकर ऋषभदेवांचे निर्वाण अष्टापद पर्वतावर झाले, आणि तेही पौष वद्य पक्षाच्या अखेरीस, म्हणजे ऐन हिमवर्षावाच्या दिवसांत. हिमाचे दर्शनच निषिद्ध असे कोणी म्हणणार नाही.

शेवटी सौ.नीच तीन नियम घातले. बर्फ तोंडात घालावयाचा नाही. त्याचे गोळे करून एकमेकांवर फेकावयाचे नाहीत. आणि जेथे रुळलेली वाट आहे तेथूनच चालावयाचे. आमच्या नातवाने लगेच विचारले, "आजी, मग आपण पावसात भिजतो ते?" त्यावर त्या म्हणाल्या, "पाऊस आपल्या दारी येतो रे. इथं आपण त्याच्या दारी चाललोय." ज्या बंधूंनी दिग्परिमाण व्रत घेतले असेल त्यांनी उत्तर दिशेची मर्यादा तर पाहावीच, पण ऊर्ध्व दिशेचीही पाहावी. चोर्ला घाटाच्या आठशे मीटरांपलीकडे आपणांस उंचीचा विचार करण्याचा प्रसंग सहसा येत नाही.

आहाराचा प्रश्न पुष्कळांना भेडसावतो. त्याविषयी आमचे मत थोडे निराळे आहे. श्रावकाच्या प्रवासास हिवाळ्याइतका अनुकूल ऋतू नाही. पिठाची मर्यादा दिगंबर आम्नायाने मोजा वा श्वेतांबर परंपरेने मोजा, ती हिवाळ्यातच सर्वांत लांब. उकाळलेल्या पाण्याचा काळ चातुर्मासात तीन प्रहर, हिवाळ्यात तो चार प्रहर होतो. फाल्गुन चौमासीपासून बंद असलेला सुकामेवा कार्तिकानंतर पुन्हा खुला झालेला असतो, आणि अक्रोड, जर्दाळू व किन्नौरचा चिलगोजा तर त्याच पहाडांत पिकतो. खाखरे, दशम्या, मुगाची डाळ, तांदूळ व तूप एवढे सोबत असले की कंदमुळाची धास्ती बाळगून परक्या स्वयंपाकघरात डोकावण्याचे कारण उरत नाही.

डाळ न्यावयाची तर मुगाचीच न्यावी. चाळीस वर्षे डाळी विकूनही त्यांचा हा गुण आम्हांस तेथे जाऊन कळला. समुद्रसपाटीवर पाणी शंभर अंशांस उकळते. उंची दर तीनशे मीटर वाढली की हा आकडा सुमारे एका अंशाने उतरतो. नारकंडा हे गाव २,७०० मीटरांवर आहे. तेथे पाणी ९१ अंशांच्या आसपासच खळखळू लागते. तुरीची डाळ उघड्या पातेल्यात तासन्‌तास नाचते, पण शिजत नाही. पहाडी बाया राजमा का प्रेशर कुकरशिवाय चुलीवर चढवीत नाहीत, याचा उलगडा झाला.

काल्क्याहून शिमल्यास जाणारी छोटी गाडी १९०३ साली सुरू झाली. रुळांतील अंतर अवघे अडीच फूट, लांबी ९६ किलोमीटर, आणि वाटेत शंभरावर बोगदे. त्यांतील बडोगचा सर्वांत मोठा, तो १,१४३ मीटर. २००८ साली या मार्गास जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. पाच तासांत गाडी सुमारे १,४०० मीटर चढते, आणि खिडकीशी बसलेल्या माणसास निवडुंगापासून देवदारापर्यंतची झाडे क्रमाने पाहावयास मिळतात. आमच्या मते सहलीतील निम्मा आनंद या गाडीत आहे. शिमल्यात उतरलो तेव्हा मात्र रिज मैदानावर बर्फाचा कणही नव्हता. मुलांची तोंडे उतरली.

हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे. उत्तरेचा बर्फ आपल्या पावसासारखा नेमाने येत नाही. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात तो आणतात, आणि त्यांचा जोर जानेवारी-फेब्रुवारीत अधिक असतो. जानेवारी २०२४ मध्ये खुद्द गुलमर्गची कुरणे उघडी पडली होती. उलटपक्षी, डिसेंबर २०२४ च्या अखेरीस सोलंग व अटल बोगद्याच्या दरम्यान शेकडो वाहने बर्फात अडकून पडली. हा नऊ किलोमीटरांचा बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाल्यापासून पूर्वी हिवाळाभर तुटलेल्या लाहौलात हल्ली प्रवासी भर थंडीत जातात. परंतु मुलेबाळे घेऊन तेथवर जाण्यास आमचे मन धजले नाही. दोन दिवस हाताशी शिल्लक ठेवूनच परतीची तिकिटे काढावीत.

बर्फ शेवटी नारकंड्यास भेटला. शिमल्यापासून हे गाव सुमारे ६५ किलोमीटर. मोटार थांबताच भाड्याचे डगले व गमबूट घेऊन माणसे गराडा घालतात. तेथे एक गोष्ट विचारून घ्यावी: उबदार जाकिटात पुष्कळदा बदकाची पिसे भरलेली असतात. कृत्रिम धाग्याची जाकिटेही तितकीच ऊब देतात. चामड्याच्या जोड्यांऐवजी रबरी गमबूट बरे. घोड्यावर बसण्याचा आग्रह होतो. निसरड्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतलेली ती जनावरे पाहून आमच्या सूनबाईंनी मुलांस पायीच चालविले.

देवदारांखालून गेलेल्या पायवाटेने आम्ही दीड तास चाललो. एवढी शांतता गोव्यात मध्यरात्रीही नसते. फांदीवरून बर्फ सुटून खाली पडला की त्याचा आवाजदेखील कापसाच्या गाठीसारखा दबका येतो. नातवाने एकदा मूठभर बर्फ उचलला, तो वितळेपर्यंत तळहातावर धरून ठेवला आणि चोरून आजीकडे पाहिले. त्या दुसरीकडे पाहत होत्या.

याच भागात कोटगढ-थानेदारची सफरचंदे. अमेरिकेहून आलेले सॅम्युएल स्टोक्स, पुढे ते सत्यानंद झाले, यांनी १९१६ च्या सुमारास तेथे नव्या जातीची कलमे लावली, आणि सबंध प्रांताचा व्यापार पालटला. सफरचंदाच्या झाडास हिवाळ्यात हजार-बाराशे तास कडक थंडी मिळावी लागते. ती न मिळाल्यास वसंतात फुलोरा नीट धरत नाही. म्हणून तेथील बागाईतदार बर्फाला खतच मानतात. ज्या बर्फाखातर आम्ही सुट्टी काढली होती, त्यावर त्यांचे वर्षाचे उत्पन्न अवलंबून होते.

परतताना खरी कसोटी लागली. गोव्यात डिसेंबरअखेर सूर्य सहा-दहाच्या सुमारास मावळतो. शिमल्याकडे तो पाच-पंचविसालाच जातो. उतरण्याच्या ठिकाणी साडेचारला स्वयंपाक तयार ठेवण्यास सांगितले होते. साडेचार वाजले तेव्हा आम्ही एका वळणावर उभे होतो. पुढे मालमोटार घसरून रस्त्यात आडवी झाली होती आणि मागे वाहनांची रांग लागली होती. सौ.चा चौविहार सव्वीस वर्षांत मोडलेला नाही. पाच वाजून गेले. तेव्हा सूनबाईंनी मांडीवर रुमाल पसरून खाखऱ्यांचा डबा उघडला, थर्मासमधील उकाळलेले पाणी काढले, आणि समोरच्या कड्यावरचे ऊन सरकत असता सौ.नी दोन खाखरे व चार अक्रोड एवढ्यावर दिवस संपविला. चौविहाराचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी त्यांनी नातवास विचारले, "तुला भूक लागेल, तू रात्री जेव हो." त्याने निम्मा खाखरा मागून घेतला. रात्री साडेनवाला मुक्कामी पोहोचलो, गरम जेवण समोर आले, तेव्हा तो म्हणाला, "माझं झालंय." आम्ही आग्रह केला नाही.

शिमल्याहून पुढे आम्ही कांगड्यास गेलो. ज्यांना बर्फावर पाऊल ठेवणेच नको त्यांनी थेट येथे यावे, असे आमचे सांगणे आहे. कांगड्याच्या किल्ल्यात आदिनाथाची प्राचीन मूर्ती आहे. विक्रम संवत १४८४ मध्ये उपाध्याय जयसागर सिंधमधून संघासह या नगरकोटास आले होते. त्या यात्रेची हकीकत त्यांच्या 'विज्ञप्तित्रिवेणी'त वाचावयास मिळते. ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपाने किल्ला खिळखिळा केला. देव मात्र राहिले. आमच्या डिचोली तालुक्यात कुडणे येथे ज्यास लोक गुजिराचे देऊळ म्हणतात, त्या जैन मंदिराच्या पडक्या भिंती आम्ही लहानपणापासून पाहत आलो. तेथे नमस्कार करावयास मूर्ती नाही. येथे मोडक्या तटबंदीतही पूजा चालू आहे, हे पाहून सौ. बराच वेळ बसून राहिल्या.

किल्ल्याच्या पायथ्याशी जैन धर्मशाळा असल्याने तेथे वेळेची चिंता नव्हती. पाच वाजता जेवणे उरकून आम्ही सर्व अंगणात आलो, तेव्हा समोर धौलाधारच्या बर्फावर ऊन अजून होते.