आस्त्राखान : जिथे सगळेच बाहेरून आले

व्होल्गा ही युरोपातली सर्वांत लांब नदी. कॅस्पियन समुद्राला मिळण्याआधी तिला शेकडो फाटे फुटतात आणि युरोपातला सर्वांत मोठा त्रिभुज प्रदेश तयार होतो. या फाट्यांच्या जाळ्यात, महासागराच्या पातळीपेक्षा वीसेक मीटर खाली, आस्त्राखान शहर वसले आहे. त्याच नावाचा रशियन प्रांत सुमारे ४९ हजार चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या तिपटीहून थोडा मोठा. वस्ती मात्र दहा लाखांच्या आतबाहेरच. २०१० च्या जनगणनेत यातले दोन-तृतीयांश लोक रशियन होते, सुमारे सोळा टक्के कझाक आणि सहा-सात टक्के तातार. त्यांच्याखेरीज नोगाई, तुर्कमेन, काल्मिक, आर्मेनियन, अझरबैजानी असे कितीतरी समाज इथे आहेत. यांतले मूळचे कोण, असे विचारले तर उत्तर देणाऱ्याची पंचाईत होते. रशियन लोकसुद्धा इथे साडेचारशे-पावणेपाचशे वर्षांपूर्वी आलेले पाहुणेच.

त्यांच्या आधी हा मुलूख मंगोलांच्या सुवर्ण टोळीचा होता. चंगीझखानाचा नातू बातू याने तेराव्या शतकात वसवलेली सराय ही राजधानी याच प्रांतातल्या आजच्या सेलित्रेन्नोये गावाजवळ होती, असे मानले जाते. प्रवासी इब्न बतूता १३३० च्या दशकात या भागात आला. सरायमध्ये मंगोल, किपचाक, चेर्केस, रशियन आणि बायझंटाईन आपापल्या स्वतंत्र मोहल्ल्यांत राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. तेव्हाचे आस्त्राखान म्हणजे हाजी तरखान. त्याबद्दलही तो लिहितो. हिवाळ्यात नदी गोठली की लोक बर्फावर हजारो भारे पेंढा पसरत आणि त्यावरून ये-जा करत. पुढे १३९५ च्या सुमारास तैमूरने ही दोन्ही शहरे उद्ध्वस्त केली. हाजी तरखान कसेबसे सावरले आणि एका छोट्या तातार खानशाहीची गादी तिथे राहिली. १५५६ मध्ये इव्हान द टेरिबलने तीही जिंकली. रशियनांनी जुन्या जागेपासून थोडे दूर, एका टेकाडावर नवे शहर वसवले आणि १५८० च्या दशकात त्याभोवती दगड-विटांचा कोट घातला. त्यासाठी सरायच्या भग्नावशेषांतून विटा काढून आणल्या. आजही या पांढऱ्याशुभ्र कोटाच्या, म्हणजे आस्त्राखानच्या क्रेमलिनच्या, भिंतींत मंगोल राजधानीच्या विटा आहेत.

आता आपल्याला जवळचा वाटेल असा भाग. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात इराणमार्गे, कॅस्पियन ओलांडून भारतीय व्यापारी इथे येऊ लागले. बहुतेक मुलतानचे, काही मारवाडी. १६४९ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र आवार बांधले गेले. राहायच्या खोल्या, दुकाने, वखारी आणि पूजेची जागा, सारे एका कुंपणात. आर्मेनियन, इराणी आणि बुखारी व्यापाऱ्यांचीही अशीच आवारे शहरात होती. भारतीयांची संख्या फार नव्हती, कधी पन्नास तर कधी शंभरच्या आसपास. पण रेशीम, सुती कापड, रत्ने आणि सावकारी यांच्या जोरावर त्यांचे वजन मोठे होते. पेटर पालास हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ १७९३ मध्ये इथे आला आणि त्यांची संध्याकाळची पूजा पाहून गेला. छोट्या मूर्ती, दिवे, घंटेचा नाद, सारे त्याने तपशिलात टिपले आहे. व्होल्गाकाठच्या त्या थंडीत सांजवात लावणाऱ्या मुलतानी व्यापाऱ्याचे चित्र कादंबरीकाराला सुचले असते तर आपण अतिशयोक्ती म्हणून सोडून दिले असते.

या व्यापाऱ्यांनी बायका सोबत आणल्या नव्हत्या. बऱ्याच जणांनी तातार स्त्रियांशी घरोबा केला आणि त्यांच्या मुलांचा एक वेगळाच समाज उभा राहिला, ‘आग्रिझान तातार’ नावाचा. त्यांची शहरात स्वतंत्र वसाहत होती. धर्माने मुसलमान, भाषेने तातार, बापाच्या बाजूने मुलतानी. कालांतराने ते इतर तातारांत मिसळून गेले. व्यापाराचे मार्ग बदलले तसे भारतीयही कमी होत गेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही वसाहत संपली.

झारशाहीने या परक्यांना इतके सांभाळले ते काही मनाच्या मोठेपणामुळे नव्हे. मॉस्कोचे व्यापारी ‘हे हिंदी लोक आमचा धंदा बसवतात’ म्हणून अर्जांवर अर्ज करत, तरी सरकारने त्यांना हाकलले नाही. कारण साधे होते, जकात. आस्त्राखानच्या बंदरातून खजिन्यात पैसा येत होता आणि तो आणणारा कोणत्या देवाची पूजा करतो याच्याशी सरकारला फारसे देणेघेणे नव्हते. माझ्या मते या प्रांतातल्या सलोख्याचा पाया या हिशेबात आहे, आणि असा पाया किती कच्चा असतो हे काल्मिकांच्या इतिहासात दिसते.

काल्मिक हे बौद्ध, मंगोल वंशाचे पशुपालक. सतराव्या शतकाच्या आरंभी ते मध्य आशियातून व्होल्गाकाठी आले. पुढे रशियन सत्तेचा जाच वाढला, कुरणे आक्रसू लागली, आणि जानेवारी १७७१ मध्ये उबाशी खानाच्या मागे दीड लाखाहून अधिक काल्मिक पुन्हा पूर्वेकडे निघाले. वाटेत भूक, थंडी आणि हल्ले यांनी त्यांच्यातले बहुसंख्य मेले. त्या हिवाळ्यात व्होल्गा नीट गोठली नाही. त्यामुळे पश्चिम काठावरच्यांना नदी ओलांडता आली नाही आणि ते मागे राहिले. आजचे काल्मिक मुख्यतः त्यांचेच वंशज. नेपोलियनशी झालेल्या युद्धात याच काल्मिकांची घोडदळे रशियाच्या बाजूने लढत पॅरिसपर्यंत गेली. त्या विजयाची आठवण म्हणून सेरेबजाब त्यूमेन या काल्मिक सरदाराने व्होल्गाकाठी बौद्ध मंदिर बांधले. त्याचा आराखडा पीटर्सबर्गच्या कझान कॅथेड्रलसारखा, दोन्ही बाजूंना कमानदार स्तंभावली असलेला. बुद्धाच्या मंदिराला ख्रिस्ती चर्चचा घाट आणि निमित्त फ्रान्सच्या पराभवाचे! सोव्हिएत काळात त्या स्तंभावली पाडल्या गेल्या. मधला मनोरा तेवढा उभा राहिला.

२७ डिसेंबर १९४३ ला स्टालिनच्या राजवटीने जर्मनांना साथ दिल्याचा आरोप अख्ख्या जमातीवर ठेवून काल्मिक प्रजासत्ताक रद्द केले. पुढच्या दोन दिवसांत नव्वद हजारांहून अधिक माणसे, त्यांत लहान मुले आणि म्हातारेकोतारे, मालगाड्यांत कोंबून सायबेरियाला पाठवली. आजचा आस्त्राखान प्रांत जन्मला तो याच आदेशातून, हे फार कमी वेळा सांगितले जाते. काल्मिकांची राजधानी एलिस्ताही तेव्हा या प्रांताला जोडली आणि तिचे नाव बदलून ‘स्तेप्नोय’ केले. १९५७ मध्ये काल्मिकांना परत येऊ दिले, त्यांचे राज्यही परत दिले, पण व्होल्गाकाठचे दोन जिल्हे आस्त्राखानकडेच राहिले.

कझाकांचे येणे त्या मानाने शांततेत झाले. १८०१ मध्ये झार पावेलने बुकेई सुलतानाच्या टोळीला उरल नदी ओलांडून या बाजूला राहायची परवानगी दिली. दोंबरा या तंतुवाद्याचा थोर कझाक वादक आणि रचनाकार कुर्मानगाझी याची समाधी आल्तिनझार गावात, म्हणजे रशियाच्या हद्दीत आहे. लेनिनचे वडील इल्या उल्यानोव यांचा जन्मही आस्त्राखानचाच, १८३१ चा. निसर्गप्रेमींसाठी आणखी एक गोष्ट. इथल्या पाणथळ जागांत जुलै-ऑगस्टमध्ये कमळे फुलतात, मैलोन्‌मैल. ती काल्मिकांनी आणली अशी दंतकथा आहे. १९१९ मध्ये इथे राखीव अभयारण्य झाले, त्यामुळे कमळे टिकली.

महाराष्ट्राचा धागाही या प्रांतातून जातो. १६९५ मध्ये मॉस्कोहून निघालेला सिम्योन मालेन्की हा रशियन व्यापारी आस्त्राखान, इराण, सुरत असे करत दख्खनमध्ये पोहोचला आणि मराठ्यांशी झुंजत असलेल्या औरंगजेबाला भेटला. परतताना वाटेतच तो वारला. त्याच्या सव्वादोनशे वर्षे आधी त्वेरचा अफानासी निकितिन व्होल्गेतून खाली आला. आस्त्राखानजवळ तिथल्या तातारांनी त्याला लुटले. रिकाम्या हाताने घरी जाण्यापेक्षा तो पुढे गेला, इराणमार्गे चौलला उतरला, पावसाळ्यात जुन्नरला राहिला, बीदर पाहिले आणि दाभोळहून परतीच्या जहाजात चढला. रेवदंड्याला त्याचा स्मारकस्तंभ आहे. अलिबागच्या पुढे गेलात तर तो जरूर पाहा.