मोडी : दफ्तरातली मराठी

मराठी भाषा सातशे वर्षे दोन लिप्यांत नांदली. पोथ्या, पुराणे आणि पुढे छापील पुस्तके बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत; तर हिशेब, वाटणीपत्रे, महजर, सनदा आणि घरगुती पत्रव्यवहार मोडीत. पुणे प्रांताच्या जुन्या कागदांत ‘तर्फ पाटस’ म्हणून ज्या मुलखाचा उल्लेख येतो, त्या आजच्या दौंड तालुक्यातल्या गावांचाही सारा कारभार कुलकर्ण्याच्या बोरूने याच लिपीत उतरला.

मोडीचा जनक म्हणून देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, याचे नाव घेतले जाते. त्याने ती लंकेहून आणल्याची कथाही सांगतात. कथेला तत्कालीन लेखी आधार नाही. मराठी मुलखात हेमाडपंताच्या नावावर देवळांपासून बाजरीपर्यंत बरेच काही जमा आहे, त्यात लिपीची भर पडली असावी. नागरी अक्षरे भरभर लिहिता लिहिता कारकुनांच्या हातात ती वळत गेली, हा खुलासा जास्त पटतो. अभ्यासक तिचे यादवकालीन, बहामनीकालीन, शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन असे टप्पे मानतात. शिवकाळात बाळाजी आवजी चिटणीस यांच्या हाताने तिला डौल आला. पेशवाईत चिटणिशी, महादेवपंती, रानडी अशी वळणे रूढ झाली.

या लिपीत सगळे काही वेगासाठी आहे. लेखक आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घेतो आणि मग तिच्याखाली अक्षरे टांगत जातो. बाळबोधीत प्रत्येक अक्षराला हात उचलावा लागतो. मोडीत एका अक्षराचे शेपूट गोलाकार वर चढून पुढच्या अक्षराला मिळते. काना अक्षरातच मुरतो, त्यामुळे ‘क’ आणि ‘का’ यांची रूपे निराळी दिसतात. इकार एकच आणि उकार एकच, म्हणून ‘दिन’ आणि ‘दीन’ एकसारखेच लिहिले जातात. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत. नेहमीचे शब्द एकदोन अक्षरांत आटोपतात. ज्याने लिहिले त्याला आणि ज्याच्यासाठी लिहिले त्याला विषय माहीत असे, म्हणून व्यवहार अडत नव्हता. अडचण तिसऱ्याची, म्हणजे दोनशे वर्षांनी वाचणाऱ्याची होते.

वाचणाऱ्याला केवळ अक्षरओळख पुरत नाही. पत्रात फारसी शब्दांची रेलचेल असते आणि कालगणना तर थेट अरबी संख्याशब्दांत. शुहूर सन हे शेतीच्या वर्षाशी जुळवलेले वर्ष मृग नक्षत्राला सुरू होते आणि अंक एकम स्थानाकडून हजाराकडे वाचला जातो : ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात 1161. त्यात 599 किंवा महिन्यानुसार 600 मिळवले की इसवी सन निघते. पानिपतची लढाई याच वर्षात बसते. हिजरी महिन्यातला दिवस ‘छ’ या अक्षरापुढे मांडतात. शेवटी ‘लेखनसीमा’ आणि ‘मोर्तब सुद’ ही शिक्क्यांची भाषा येते, ती खोटा मजकूर मागाहून जोडता येऊ नये म्हणून.

परक्यांची कालगणना घेऊन लिपी मात्र आपली ठेवणे हे सर्वत्र घडले नाही. मादागास्करच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या अंतैमोरो लोकांनी अरबी लिपीच आपल्या मलागासी भाषेला लावली. ‘सोराबे’ नावाच्या त्या लिपीतले ग्रंथ कातिबो या लेखकवर्गाने झाडाच्या सालीच्या कागदावर लिहिले आणि बहुतांशी आपल्याच वर्गात राखले. 1820च्या दशकात राजा रादामा पहिला याने लंडनच्या मिशनऱ्यांच्या मदतीने रोमन लिपी स्वीकारली आणि सोराबे मागे पडली.

मोडीला छापखान्याने आधी हात दिला आणि मग मागे सारले. मिशनरी विल्यम केरी याचा मराठी शब्दकोश 1810मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरहून मोडी टंकांत निघाला. पण एकमेकांत गुंतणारी अक्षरे शिशाच्या सुट्या खिळ्यांत बसवणे जिकिरीचे. सुटी उभी राहणारी बाळबोध अक्षरे छापायला सोयीची. शाळेची पुस्तके बाळबोधीत आली तरी हाताने लिहायची मोडी शाळांत शिकवली जात होती. 1950च्या सुमारास तीही थांबली. त्याच सुमारास मुंबई राज्याने कायदा करून कुलकर्णी वतने बंद केली आणि गावच्या दफ्तराची जबाबदारी पगारी तलाठ्याकडे गेली. लिपी आणि तिला पोसणारा हात जवळजवळ एकदमच गेले, ही गोष्ट तिच्या ऱ्हासाच्या चर्चेत फारशी येत नाही.

मागे उरले ते रुमालात बांधलेले कागद. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी 1898पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने बाळबोधीत आणली. 1910मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड गोविंद सखाराम सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात काढले. तंजावरच्या भोसल्यांचे मोडी कागद तमिळ मुलखात आहेत.

2014च्या जूनमध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्वतंत्र जागा मिळाली. पण तिच्या वाचकांची खरी निकड भासली ती 2023मध्ये, जेव्हा निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठा आरक्षणाच्या मागणीवरून कुणबी नोंदींचा शोध सुरू केला. जन्ममृत्यूची कोतवाल बुके आणि महसुलाची जुनी दफ्तरे चाळताना कितीतरी पाने मोडीत निघाली, आणि ती वाचण्यासाठी मोडी जाणकारांना तहसील कचेऱ्यांत बोलवावे लागले.