वाळवंटातला मुक्काम: भीती कुणाची, काळजी कशाची?

जैसलमेरजवळ सम आणि खुरीच्या वाळूत तंबू ठोकून राहायला हिवाळ्यात महाराष्ट्रातूनही बरीच मंडळी जातात. तिथल्या विंचू-कोळ्यांविषयी ऐकीव गोष्टी पुष्कळ. त्यापायी निरुपद्रवी जीव चपलेखाली जातो आणि खरा धोका नजरेआड होतो.

गैरसमज: उंटकोळी विषारी असतो, माणसाच्या मागे धावतो.

वस्तुस्थिती: हा खरा कोळी नाही, विंचूही नाही, दोघांचा नातलग आहे. पुढचे दोन स्पर्शक पायांसारखेच लांब असल्याने त्याला दहा पाय आहेत असं वाटतं. तो विषारी नाही, पण जबडे मजबूत असतात. हातात धरलात तर कडकडून चावेल. जखम साबणाने स्वच्छ धुवा, म्हणजे ती चिघळणार नाही. दिवसा तो धावतो तो सावलीसाठी. आपण पळालो की सावली पळते, आणि तिच्यामागून तोही. रात्री दिव्यापाशी येतो ते किडे खायला.

गैरसमज: विंचू जितका मोठा, तितका जहाल.

वस्तुस्थिती: आकार नव्हे, ठेवण पाहा. ज्याचे चिमटे जाडजूड आणि शेपटी बारीक, तो भक्ष्य चिमट्यांनीच चिरडतो. त्याचं विष सहसा सौम्य असतं. बारीक चिमटे आणि जाड शेपटी दिसली, तर दूर राहा. थरमधला जाड शेपटीचा अँड्रोक्टोनस असाच. कोकणाला चांगलाच ठाऊक असलेला लाल विंचूही बोटाएवढाच असतो, पण जीव घेऊ शकतो.

गैरसमज: ठणका जास्त, तर धोका जास्त.

वस्तुस्थिती: लाल विंचवाच्या बाबतीत नुसता ठणका असेल तर बहुधा जिवाला धोका नसतो. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, धाप लागणं ही खरी घातक लक्षणं. विषामुळे शरीरात ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्यं उसळतात आणि हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी साचतं. यावर प्राझोसिन हे औषध गुणकारी ठरतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिलं. त्यांचा लेख 1986 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. लहान मुलांना धोका सर्वाधिक, म्हणून त्यांच्यात लक्षणांची वाट पाहू नका.

गैरसमज: चिंचोका घासून लावला, मंत्र टाकला किंवा चीर दिली की विंचवाचं विष उतरतं.

वस्तुस्थिती: विष काही क्षणांत आत पोचलेलं असतं. चीर दिल्याने जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव वाढतो, मंत्रात मोलाचा वेळ जातो. जागा धुवा, बर्फ कापडात गुंडाळून लावा आणि रुग्णालय गाठा.

गैरसमज: गांधीलमाशीचा डंख किरकोळच.

वस्तुस्थिती: बहुतेकांना सूज येते आणि उतरते. पण ॲलर्जी असलेल्याचे ओठ-घसा काही मिनिटांत सुजून श्वास कोंडू शकतो. अशा वेळी थांबायचं नसतं.

गैरसमज: थंडीत विंचू नसतात.

वस्तुस्थिती: वावर कमी होतो, पण ते दगड, लाकडं, अंथरूण यांखाली दडतात. तंबूची चेन बंद ठेवा, बूट झटकून घाला, शेकोटीचं लाकूड उघड्या हाताने उचलू नका. अतिनील प्रकाशाची बॅटरी जवळ ठेवा. तिच्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो.

समहून जैसलमेर सुमारे 40 किलोमीटर. रात्री गाडी कुणाची मिळेल आणि जवळचं सरकारी रुग्णालय कुठे आहे, हे तंबूत सामान टाकतानाच विचारून ठेवा.