हार्वर्ड सोडून रिचमंड हिलला

आम्हा आयटीवाल्यांच्या गप्पा इथे ठरलेल्या. पीआर आलं का, लेव्हल कोणती, पुढचं प्रमोशन कधी. गावाहून फोन आला तरी काका तेच विचारतात, ‘अजून मॅनेजर नाही झालास?’ टोरांटोच्या उत्तरेला रिचमंड हिलमध्ये एक माणूस बरोबर उलट्या दिशेने आला होता. त्याची गोष्ट मला काकांनाही सांगायची आहे.

हेन्री नाऊवेन हे मूळचे डच कॅथलिक धर्मगुरू. येल आणि हार्वर्डला शिकवलेले, पुस्तकांमुळे जगभर नाव झालेले. १९८६ मध्ये ते इथल्या ‘डेब्रेक’मध्ये राहायला आले. तिथे बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं आणि त्यांचे मदतनीस एकाच घरात राहतात. नाऊवेन तिथले पाद्री, पण त्यांच्याकडे ॲडम आर्नेट या तरुणाचं कामही आलं. ॲडमला बोलता येत नसे, फिट्स यायच्या. रोज सकाळी त्याला उठवायचं, आंघोळ घालायची, दाढी करायची, नाश्ता भरवायला बसायचं. आणि घरकामात हे प्रोफेसर अगदीच कच्चे!

स्वार्थी महत्त्वाकांक्षा सोडा, हे पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात आहे. चर्चमध्ये बसून ऐकायला ते सोपं वाटतं. पण आपण नम्र झालो याचंही कौतुक आपल्याला हवंच असतं ना? ॲडमकडून ते मिळणं शक्य नव्हतं. हार्वर्ड, पुस्तकं, पदव्या यांना त्या न्हाणीघरात काही किंमतच नव्हती.

म्हणून सगळं छान झालं असंही नाही. १९८७ च्या अखेरीस नाऊवेन मानसिकदृष्ट्या पार कोलमडले, उपचारांसाठी काही महिने डेब्रेकबाहेर राहिले. मग परत आले. भाषणंही चालू राहिली, फक्त जाताना ते डेब्रेकमधल्या कुणाला तरी सोबत न्यायचे.

आपल्याकडे रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. मोठंच पाऊल. पण टिळकांच्या अशा स्वभावापायी घर सांभाळताना होणारी तारांबळ लक्ष्मीबाईंच्या वाट्याला यायची, ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ते ठाऊक आहे. नाऊवेन एकटे होते, हेही लक्षात घ्यायला हवं. आमच्या डोक्यावर घराचे हप्ते आहेत.

ॲडम फेब्रुवारी १९९६ मध्ये गेला. नाऊवेन त्याच्यावर पुस्तक लिहायला बसले आणि त्याच सप्टेंबरात तेही गेले. पुस्तक नंतर आलं. नाऊवेन यांची कबर रिचमंड हिलमध्येच आहे.